घाटाचा टप्पा

"घाट कोन घेनार?" केसरीनाथकाकांनी पुन्हा विचारलं, तसे देवळाच्या सभामंडपात बसलेले सगळे गडी सतरंजीकडे बघू लागले.

नवरात्रासाठी कार्ल्याच्या एकवीरेहून गावी, अंजूरला ज्योत आणायची, तीही अनवाणी धावत, हातोहात, कुठे न थांबता. बाकीचे टप्पे भराभर वाटून झाले होते. सपाट रस्त्याला सगळेच शूर. बोरघाट उतरायचा म्हणजे गुडघ्यांची परीक्षा, त्यात खालून वारा आणि मागे ट्रक. दरवर्षी घाट घेणारा काळूराम यंदा पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसला होता.

"नागसेन हाय ना," प्रितम बोलून गेला. "भायेर बसलाय. त्याच्यावानी पलनारा हाय कोन?"

खोटं नव्हतं. काकांचा पुतण्या भाविक आणि नागसेन रोज पहाटे हायवेपर्यंत धावत. नागसेन पुढे आणि भाविक धापा टाकत मागे, हे अख्ख्या गावाने पाहिलं होतं. आजच्या बैठकीलाही नागसेननेच भाविकला बाइकवरून आणलं होतं. आणून तो बाहेर पायरीवर बसला होता.

मंडपात कोणीतरी खोकलं. काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. "पोरगा गुनाचा हाय, मी कवा न्हाय बोललो? पन देवीची ज्योत हाय, बाबा. आपल्यातलाच पायजे." मग त्यांची नजर पुतण्यावर आली. "भाविक, तू त्याच्यासंगतीच पलतोस ना? मंग तूच घे."

भाविकला एकच वाक्य बोलायचं होतं. नागसेन पळणार नसेल, तर मीही पळणार नाही. ते जिभेवर आलंही. पण समोर काका होते, शेजारी चुलतभाऊ, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या.

"घेतो, काका."

टाळ्या पडल्या. एकवीरा आईचा जयजयकार झाला. भाविकचे कान तापले. मंडपाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि पायरी काही लांब नव्हती.

चपला शोधायला नको तितका वेळ लावून तो बाहेर आला. नागसेनने स्प्लेंडरला किक मारली.

"बस. सोडतो घरी."

एरवी मागे बसला की भाविकचा हात नागसेनच्या खांद्यावर असायचा. आज त्याने मागचं कॅरिअर धरलं. नव्या गोदामांची रांग मागे पडत गेली. माणसाने चार शिव्या घालाव्यात, म्हणजे सुटका तरी होते. नागसेन तसलं काहीच करीत नव्हता.

"उताराला तू टाचा आपटतोस," शेवटी तो म्हणाला. "घाटात गुडघे जातील तुझे. उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे. सकाळी पुलाच्या उतारावर जाऊ. मी पुढं पळतो, तू माझे पाय बघ."

"तू ऐकलंस सगळं?"

"टाळ्या ऐकल्या."

"नागसेन, मी आत..."

नागसेनने वळणावर गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "एप्रिलमध्ये आमची पण ज्योत असते. भीमज्योत, चैत्यभूमीवरून. पळणारे कमी पडतात. येशील?"

मंडपात 'घेतो' म्हणायला भाविकला कितीसा वेळ लागला होता? आता 'येतो' एवढंच म्हणायचं होतं. पण काका काय म्हणतील, आई काय म्हणेल, हेच आधी मनात आलं. ते आलं याचीच त्याला जास्त लाज वाटली.

घर आलं. भाविक उतरला आणि बाइकजवळच उभा राहिला, खाली बघत.

नागसेनने गिअर टाकला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"घाई नाय. घरी विचारून सांग."