चौकटीवरची फिल्म

गेनादी उत्तरेला तेलविहिरींवर कामाला गेला, त्याआधी त्याने घराला प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या होत्या. "कडांचं प्लास्टर मी आल्यावर करीन. तोवर चौकटींवरची प्लास्टिकची फिल्म काढू नका, डाग पडतील," असं आईला आणि बायकोला बजावून गेला. दोन-तीन उन्हाळ्यांत ती फिल्म उन्हात भाजून चौकटींना घट्ट चिकटली.

त्याची आई क्लावदिया गावाबाहेरच्या मळ्यातून काकड्यांची बादली घेऊन परतली, तर सून झोया हेअर ड्रायरने फिल्म तापवून सुरीने खरवडत होती.

"घराला गिऱ्हाईक बघितलंस वाटतं?" क्लावदियाने बादली खाली न ठेवताच विचारलं.

"काहीतरीच काय, आई!"

"मग कुणासाठी एवढी झकपक? परवा मी मळ्यातून आले, तेव्हा बाल्कनीत दार लावून कुणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याच लेकाशी."

"मग मला का नाही दिलास फोन?"

झोया खरवडत राहिली. क्लावदिया खिडकीजवळ गेली. कडांना पांढरंशुभ्र, नवं प्लास्टर होतं.

"हे कुणी केलं?"

"गवंडी बोलावला."

"अगं, पण गेना आल्यावर करणार होता ना?"

ड्रायर नुसताच घोंघावत राहिला.

क्लावदियाने बादली ठेवली. सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली.

"सरक तिकडे. अशाने चरे पडतील चौकटीला." ती स्वतःच खरवडायला लागली. मग मागे न बघता तिने विचारलं, "नाव काय तिचं?"