खातरजमा

चांदवडची चंद्रकला मोडलेला हात घेऊन नाशिकच्या दवाखान्यात दाखल झाली. "जिन्यावरून पडली," नवरा वाल्मीक म्हणाला. तृप्ती सिस्टरने त्याला औषधं आणायला पाठवलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "ताई, खरंच पडलात का?"

आजवर असं तिला कोणीच विचारलं नव्हतं. चंद्रकला रडली आणि म्हणाली, "ह्यांनीच पिरगाळला. पण त्यांना कळू नका देऊ."

सिस्टरने फक्त डॉक्टरांना सांगितलं. राउंडला येताच डॉक्टरांनी वाल्मीकला तिच्या कॉटजवळ बोलावलं.

"काय हो, ही म्हणते तुम्हीच हात पिरगाळलात. खरं का?"

वाल्मीक हसला. "काहीतरीच काय साहेब! घरी गेलो की समजावतो तिला."

डॉक्टरांचं समाधान झालं. त्यांनी संध्याकाळीच डिस्चार्ज दिला.