सहावं बोट

"मामा, ही रेघ बघा," भाची म्हणाली आणि तिने पेन्सिलीचे टोक स्क्रीनवर टेकवले.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. रेघ वर्षभर जमिनीला चिकटून सरपटत होती आणि परीक्षेच्या महिन्यात एकदम ताठ उभी राहिली होती. लोक इंटरनेटवर काय शोधतात आणि कधी शोधतात, याचा तो आलेख होता. वर शोधलेले शब्द होते : 'माझे आजोबा निबंध दहा ओळी'. त्याखाली दुसरी रेघ होती, मास्तरांच्या आवडीची : 'पाण्यात काठी वाकडी का दिसते'. ती कुठे उठलीच नव्हती.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी मुलांसाठी वेबसाइट काढली होती. वर स्वतःचा फोटो, खाली काठीसारख्याच प्रश्नांवरची एकशे बारा पाने. प्रत्येक पानाच्या शेवटी 'शंका असेल तर विचारा' असे लिहून त्यांनी एक रिकामी चौकट ठेवली होती. तीन वर्षांत एकही शंका आली नव्हती. महिन्याला साइट अकरा वेळा उघडली जायची, त्यातल्या सात वेळा ते स्वतःच उघडायचे. समोर मूल नसले की मास्तरांना घर खायला उठायचे. एकुलती एक नात होती, तीही समुद्रापार. चार वर्षे ती फक्त फोनवर दिसत होती. कशी आहेस, बरी आहे, अभ्यास कर. यापुढे त्या दोघांची गाडी कधी सरकली नव्हती.

भाची एका चपलांच्या कंपनीत हेच काम करायची. तिने मामांना लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. आधी रेघ बघायची, मग लिहायचे. रेघ चढण्याच्या महिनाभर आधी पान तयार हवे. लोक जे शब्द टाइप करतात तेच मथळ्यात घालायचे, तेच पहिल्या ओळीत. मग शोधणाऱ्याला आपले पान सगळ्यांत वर दिसू लागते.

"चाळीस वर्षं कॉपी पकडली," मास्तर म्हणाले. "आता पुरवू?"

"निबंधासाठी का होईना, मुलं येतील तर खरी. आली की काठीकडेही वळतील."

मुलं येतील, या दोन शब्दांपुढे मास्तरांचे काही चालले नाही. त्यांनी कुणाच्याही घरात खपतील असे आजोबा तयार केले. ते पहाटे उठायचे, झाडांना पाणी घालायचे, रोज गोष्ट सांगायचे. मास्तर स्वतः साडेआठशिवाय उठत नसत आणि त्यांच्या घरात एक कुंडीही नव्हती.

पण हाडाचे मास्तर ते. सातव्या ओळीत त्यांनी एक सापळा लावला : 'माझ्या आजोबांच्या डाव्या हाताला सहा बोटे आहेत.' जे मूल वाचून लिहील ते ही ओळ गाळेल. जे डोळे मिटून उतरवेल ते पकडले जाईल. एका वर्गात सात आजोबा सहा बोटांचे निघाले, तर कुठल्या बाईंच्या लक्षात येणार नाही? आणि एखादे मूल तर चौकटीत नक्की विचारेल, की गुरुजी, सहा बोटं कशी? त्या एका शंकेसाठी मास्तरांनी तो निबंध लिहिला होता.

परीक्षेचा महिना आला. रेघ चढली आणि तिच्याबरोबर मास्तरांचे पान चढले. आठवडाभरात ते पहिल्या क्रमांकावर होते. रोज हजारांनी मुले येत होती, निबंध घेऊन जात होती. काठीकडे कुणी वळले नाही. चौकट रिकामीच राहिली. भाचीने अभिनंदनाचा फोन केला तेव्हा मास्तर नुसते हूं हूं करत राहिले.

रविवारी सकाळी नातीचा फोन आला. मास्तर नुकतेच उठले होते. त्यांनी फोन टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. नात सांगत होती की तिथल्या मराठी शाळेत तिला निबंधात पहिला नंबर मिळाला, बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, आणि निबंध आजोबांवरच आहे. मग ती वाचू लागली.

माझे आजोबा पहाटे उठतात, हे ऐकून मास्तरांना आधी हसू आले. तिसऱ्या वाक्याला ते मावळले. फळ्यापाशी अडखळणाऱ्या मुलाच्या मागे उभे राहावे तसे ते श्वास धरून सातव्या ओळीची वाट पाहत राहिले. आता गाळेल. आता गाळेल.

"माझ्या आजोबांच्या डाव्या हाताला सहा बोटे आहेत," नातीने वाचले. ती थांबलीही नाही.

निबंध संपला. मास्तरांनी चाळीस वर्षे ज्या आवाजात विचारले, त्याच आवाजात विचारले, "बाळ, हे कुठून घेतलंस?"

नात जराही बावरली नाही. "तुमच्याच साइटवरून. मला तुमच्याबद्दल काही माहीतच नव्हतं ना, आजोबा. तुम्हाला फोन करणार होते, तर बाबा म्हणाले, फोन कशाला, शोध, लगेच मिळेल. आणि पहिलंच तुमचं पान आलं. वर तुमचा फोटोपण होता."

नातीने चेहरा अगदी जवळ आणला. पडद्यावर आता फक्त तिचे डोळे मावत होते.

"आजोबा, एक शंका विचारू?"

"विचार."

"ते सहावं बोट कसं असतं? बाबांना विचारलं, तर लॅपटॉपमधून डोकं न काढताच म्हणाले, लिहिलंय ना त्यांनी, मग असेल. दाखवा ना."

मास्तरांचा डावा हात फोनच्या मागे, टेबलावर होता. तो त्यांनी हळूच उचलला आणि मांडीखाली सरकवला.