डब्याचे वजन

“फ्रोजन शोल्डरवर रामबाण! दवाखान्यातली कसरत सोडा, ही पावडर घ्या,” जुन्या जालन्यातल्या ओसरीवर जमलेल्या बायकांना अंगद सांगत होता. “मंग मी पन बंद करते ते भिंतीवर बोटं चढवणं,” आखडलेला खांदा दाबत दुर्गामावशी म्हणाल्या. अंगदच्या बायकोच्या, दैवशालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वर्षभर भिंतीशी रडत आपला आखडलेला हात वर नेई, तेव्हा हाच नवरा “नाटकं पुरे” म्हणून हसे. “दाखव गं, कशानं बरी झालीस!” तो ऐटीत म्हणाला. तिने त्याच हाताने कोनाड्यातला आपला पावडरचा डबा डोक्यावर धरला. “ह्याच डब्यानं.” अंगद खुलला. ती पुढे म्हणाली, “दवाखान्यातल्या मॅडमनी वजन धरून हात झुलवायला सांगितल्तं, हाच झुलवला. ‘पावडर खाल्ली का?’ तुमी रोज इचारायचे. सील पाह्यलं कदी?” सील शाबूत होते. डबा अंगदपुढे आदळून ती वळली. “मावशी, उठा. भिंत इकडंय.”