बापजाद्यांची खुर्ची

वर्षअखेरच्या साफसफाईत सासूबाईंनी संडास घासायचं ॲसिड सासऱ्यांच्या, तैवानातल्या ह्वालिएन गावच्या संगमरवराच्या खुर्चीवर ओतलं आणि दगडाची चकाकी पार उडाली. बोलणी मात्र सुनेला, पेइशानला बसली. “उद्या नववर्षाला फडकं फिरवलं तर घराचं भाग्य पुसलं जाईल. आजच्या आज चकचकीत कर,” सासऱ्यांनी फर्मावलं. बापजाद्यांची ती खुर्ची. तिच्यावर आजवर कुठलीही बाई टेकली नव्हती. पेइशान गुडघ्यांवर बसून आधी खरखरीत, मग बारीक ओल्या पॉलिश पेपरनं दगड घासत राहिली, बोटं सोलवटली. दिवेलागणीला दगडात लाल कंदील लख्ख दिसू लागला. भाऊबंद जेवायला जमले. सासरे ऐटीत पुढे झाले, तोच हात पुसत पेइशान खुर्चीत बसली. “अगं ऊठ! चारचौघांत लाज सोडलीस?” सासूबाई किंचाळल्या. पेइशाननं पाठ टेकली. “आई, दिवसभर गुडघ्यांवर होते, तेव्हा कुणी नाही म्हणालं, ऊठ म्हणून.”