फिटिंग

तोंडात टाचण्या धरून वृंदा आईच्या अंगावर नवा टॉप बसवत होती. हुक कसे लावायचे ते आई विसरली होती, म्हणून डोक्यावरून घालता येणारा होजिअरीचा टॉप. इंटरनेटवर एका बाईकडून वृंदाने टॉप बेतायचा पॅटर्न विकत घेतला, त्याचे छापलेले कागद चिकटवून जोडले आणि ती पहिल्यांदाच आईच्या मशीनवर बसली.

जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवलेल्या आईने बाहीची कड उलटून टाके चाचपले.

“हाताला सफाई आहे हो तुमच्या,” ती म्हणाली. “आमची वृंदा मेली मशीनपाशी फिरकत नाही. शिकवाल तिला?”

वृंदाने मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलावं लागलं नाही. पाठ बघायच्या निमित्ताने ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.