लख्ख हौद

तिसऱ्यांदा हौदातली कोळंबीची पिल्लं मेली, तेव्हा थोरल्याने पाठच्या भावाला बायकोपोरांसकट घराबाहेर काढलं.

"माझं बरं चाललेलं बघवत नाही तुला. विष कालवलंस."

"दादा, त्या हौदाला तू मला बोट तरी लावू देतोस का? घासूनपुसून लख्ख ठेवणारा तूच."

आठवड्याने पाण्याच्या तपासणीचा कागद आला. थोरला तेव्हा हौदात उतरून भांड्यांच्या साबणाने तळ घासत होता, दर वेळी नवी पिल्लं सोडण्याआधी घासायचा तसाच. बायकोने काठावरूनच वाचून दाखवलं. पिल्लं भांड्यांच्या साबणाने मेली होती.

"भावजींना बोलावून आणू?" तिने विचारलं.

थोरल्याने कोपरापर्यंतचा फेस निपटला.

"कागद इकडे दे. आणि धाकट्याच्या कानावर हे जाता कामा नये."